गळती

मे महिन्यात पाचपावलीत
मीटरचं झाकण कुणी हातानं उचलत नाही.
आमच्याजवळ आकडा असतो, लोखंडी.
माझ्या आकड्याच्या मुठीला
मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून घेतली आहे.

दुपारचे साडेबारा. गल्लीत कुत्रंही नाही.
फक्त निमजे,
माग बंद पडून चौदा वर्षं झाली
तरी कामावर असल्यासारखे ओट्यावर बसलेले,
डोक्याला ओला दुपट्टा.
"या बावने. पानी मोजाले येता
अन् पानी प्याले नाही म्हनता?"
प्यालो. मग झाकण उचललं.

काचेवरची धूळ फुंकायला वाकलो
आणि फुंकर तोंडातच राहिली.

आत, विटेच्या फटीत,
एक हिरवं होतं.
(नाव मला माहीत नव्हतं, रात्री पोरीनं सांगितलं: नेचं.)
चार पानं उघडलेली, पाचवं अजून
घड्याळातल्या स्प्रिंगसारखं आतल्या आत गुंडाळलेलं,
आणि त्याच्या टोकावर तांबूस लव,
जी बघायला या गल्लीत कुणीच येणार नव्हतं.
पानाखाली बेडूक.
चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढा.
गळा हलत होता, बाकी काही नाही.

वर शेहेचाळीस डिग्री.
शेजारच्या टिनावर कावळ्याला पाय टेकवेना.
आणि इथं, माझ्या मनगटाला,
ओल्या मातीचा गार श्वास लागत होता.

निमजेंचे सगळे नळ बंद होते, मी विचारून घेतलं.
तरी मीटरची लाल चकती फिरत होती,
हळू, आठवून आठवून फिरल्यासारखी.
एक फेरा चकतीचा,
एकोणीस ठोके गळ्याचे.
मी मोजले. मला दुसरं काय येतं?
मग पुन्हा मोजले. या वेळी एकवीस आले,
आणि मला उगाचच आनंद झाला.

टेकडीच्या गणपतीला मी दर मंगळवारी उभा राहतो,
पण तिथं माझं अर्धं लक्ष चपलांकडे असतं.
इथं गुडघे भाजत होते, घाम डोळ्यांत उतरत होता
आणि लक्ष कुठंही जाईना.
एकवीस वर्षं मी लोकांचं रीडिंग घेतो.
त्या दुपारी वाटलं,
कुणीतरी माझं घेतंय,
घाई न करता, आकडा कुठंही न लिहिता.

"काय झालं? साप हाय का?" निमजे ओट्यावरून.
"नाही," म्हटलं. "बघा."
ते आले, वाकले, कितीतरी वेळ वाकून राहिले.
मग डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला,
देवळात टोपी काढावी तसा.
बोलले काहीच नाहीत.

आता कागद.
रीडिंग: ४१७३.
गळती: हो / नाही.

हो लिहिलं तर परवा पथक येणार,
पाना, सुतळी, मूठभर सिमेंट.
संध्याकाळपर्यंत खड्डा कोरडा होईल,
आणि नियमानं तेच बरोबर.
थेंबाथेंबानं दिवसाला अर्धी बादली जाते.
हुडकेश्वरच्या टोकाला टँकरपाशी
अर्ध्या बादलीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायाही
मीच पाहिल्या आहेत, याच महिन्यात.

पेन हातात गरम होत गेलं.
शेवटी रकान्याच्या बाहेर, बारीक अक्षरात लिहिलं:
"पुन्हा तपासणे, जून."
झाकण ठेवलं. आवाज होऊ दिला नाही.
निमजेंनी त्यावर भिजवलेलं पोतं टाकलं,
आपल्या प्यायच्या माठातलं पाणी ओतून.

तेव्हापासून सकाळी आंघोळीला
मी अर्धी बादली कमी घेतो.
बायकोच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं.
"काऊन जी? आंग बरं नाही का?"
"उपास आहे," म्हटलं.
"पान्याचा? कोन्या देवाचा?"

मी ग्राहक क्रमांक सांगितला.